पेशींनाही शेजार लागतो

'स्टेम सेल' हा शब्द आता आपल्या घरांना नवा राहिलेला नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'मूलपेशी' या नावाने त्याची ओळख आहे आणि मोबाईलवर येणाऱ्या जाहिरातींतही तो वरचेवर दिसतो. जाहिरातींचा सूर साधारण एकच असतो. मेंदूच्या पेशी खराब झाल्या आहेत ना, मग नव्या पेशी सुईने आत सोडा. त्या आपल्या जागी जाऊन बसतील आणि काम सुरू होईल. जळालेला बल्ब काढून नवा लावावा, इतके ते सोपे वाटते.

ते इतके सोपे का नाही, हे आम्ही या महिन्यात सांगणार आहोत. त्यासाठी पेशींच्या दुनियेतली एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागेल. मूलपेशी एकटीने फारसे काही ठरवत नाही. तिने वाढावे की थांबावे, चेतापेशी व्हावे की दुसरे काही, हे बऱ्याच अंशी तिच्या शेजारच्या पेशींनी बाहेर सोडलेली प्रथिने ठरवतात.

स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. परातीत कणीक मळून ठेवली आहे. तिची चपाती होऊ शकते, पुरी होऊ शकते, पराठाही होऊ शकतो. या सगळ्या शक्यता त्या एकाच गोळ्यात आहेत. पण प्रत्यक्षात काय होणार हे करणारीचे हात, तवा की कढई, आच मंद की मोठी, यावर ठरते. मेंदू आणि मेरुरज्जूतल्या मूलपेशींचे असेच आहे. त्यांच्यापासून मुख्यतः तीन प्रकारच्या पेशी बनतात. संदेश वाहून नेणाऱ्या चेतापेशी, त्या चेतापेशींना आधार आणि पोषण देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी, आणि विजेच्या तारेवर रबर असते तसे चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी. कोणत्या मूलपेशीचे काय व्हायचे याचा हुकूम बहुतेक वेळा बाहेरून येतो.

हा हुकूम पोचतो कसा? प्रत्येक पेशी हजारो प्रकारची प्रथिने तयार करते. काही तिच्या स्वतःच्या घरखर्चाची असतात, तर काही ती बाहेर पाझरवते. या पाझरणाऱ्या प्रथिनांपैकी काहींचे काम निरोप्याचे असते. शेजारच्या पेशीच्या अंगावर असा निरोप घेणारे खास रेणू असतात, त्यांना ग्राही म्हणतात. निरोपाचे प्रथिन ग्राहीला चिकटले की पेशीच्या आत रसायनांची एक साखळी हलते, ती केंद्रकातल्या डीएनएपर्यंत पोचते आणि काही जनुके चालू तर काही बंद होतात. पेशीचे पुढचे आयुष्य त्यावर ठरते. ज्या पेशीला तो ग्राही नाही, तिच्या दारावरून निरोप तसाच पुढे निघून जातो.

हे माणसाला कळले कसे, ती हकीकत फार ऐकण्यासारखी आहे.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात हान्स श्पेमान नावाचे प्राध्यापक होते. त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिने न्यूट नावाच्या, बेडकाच्या कुळातल्या शेपटीवाल्या प्राण्याच्या गर्भांवर प्रयोग केले. एक जात फिक्या रंगाची, दुसरी गडद. एका गर्भाच्या ठरावीक जागेचा चिमुकला तुकडा कापून तिने दुसऱ्या जातीच्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. काही गर्भांत तिथे दुसरा मेरुरज्जू तयार झाला, जणू जुळे भावंड पोटाशी चिकटले आहे. रंगावरून पाहिले तेव्हा कळले की या नव्या मज्जासंस्थेतल्या पेशी बहुतेक सगळ्या यजमान गर्भाच्याच होत्या. म्हणजे बाहेरून आलेल्या तुकड्याने शेजारच्या पेशींना सांगितले, 'तुम्ही त्वचा होणार होता. आता मज्जासंस्था व्हा', आणि त्यांनी ऐकले. हा शोधनिबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी स्वयंपाकघरात इंधनाचा भडका उडून हिल्डे भाजली आणि दगावली. वय अवघे पंचवीस, पदरी तान्हे मूल. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

तो तुकडा नेमके काय सांगत होता, हे शोधायला सुमारे सत्तर वर्षे गेली. १९९२ साली 'नॉगिन' आणि १९९४ साली 'कॉर्डिन' अशी दोन पाझरणारी प्रथिने सापडली आणि उत्तर अगदी अनपेक्षित निघाले. गर्भातल्या त्या पेशींना 'बीएमपी' नावाची दुसरी प्रथिने सतत सांगत असतात की त्वचा व्हा. नॉगिन आणि कॉर्डिन काय करतात, तर या बीएमपीला वाटेतच धरून ठेवतात. तो निरोप पोचला नाही की पेशी मज्जासंस्थेच्या वाटेला लागतात. एक निरोप अडवणे हाही एक निरोपच असतो, हे तेव्हा लक्षात आले.

निरोप कोणता, याच्याइतकेच तो किती प्रमाणात पोचला यालाही महत्त्व आहे. घरात दाराशी लोबान जाळला तर तिथे वास उग्र असतो, मधल्या खोलीत मध्यम आणि मागच्या पडवीत अगदी मंद. डोळे मिटूनही आपण दारापासून किती दूर आहोत हे सांगता येईल. गर्भातल्या पेशी अशाच रीतीने आपली जागा ओळखतात. गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत बाळाच्या पाठीवर एक नळी मिटून तयार होते, तिचाच पुढे मेंदू आणि मेरुरज्जू होतो. या नळीच्या खालच्या बाजूने 'सॉनिक हेजहॉग' नावाचे प्रथिन पाझरते, वरच्या बाजूने बीएमपी. खालचा वास जिथे तीव्र आहे तिथल्या मूलपेशींपासून हातपाय हलवणाऱ्या चेतापेशी बनतात. वरच्या बाजूच्या पेशी स्पर्श आणि वेदना यांच्या वाटेवर कामाला लागतात. प्रथिनाचे नाव ऐकून हसू येईल. हेजहॉग हा काटेरी अंगाचा छोटा प्राणी. फळमाशीत या कुळातले जनुक बिघडले की तिच्या अळीच्या अंगावर काट्यांसारखे दाट केस दिसतात, म्हणून जनुकाला ते नाव पडले. आणि पुढे त्याच कुळातल्या एका जनुकाला मुलांच्या व्हिडिओ गेममधल्या 'सॉनिक'चे नाव दिले गेले.

हा निरोप पोचला नाही तर काय होते? अमेरिकेच्या आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात मेंढपाळ हैराण झाले होते. त्यांच्या कळपांत कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरे जन्मत होती. तपास करता करता बोट एका रानटी झाडाकडे गेले. मेंढीने गाभण असताना चौदाव्या दिवसाच्या सुमारास ते झाड खाल्ले की कोकरू असे जन्मे. आधी किंवा बराच नंतर खाल्ले तर तसे होत नसे. पुढे अनेक वर्षांनी उलगडा झाला की झाडातले विषारी द्रव्य सॉनिक हेजहॉगचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही. मेंदूचा पुढचा भाग दोन अर्धांत विभागायचा असतो, तो विभागला जात नाही आणि डोळेही दोन होत नाहीत. मूलपेशी ठणठणीत होत्या, फक्त ठरल्या दिवशी निरोप मिळाला नाही.

आता एका बाईंची गोष्ट. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी इटलीच्या तुरीन शहरातल्या, ज्यू घराण्यातल्या. डॉक्टरकी शिकल्या, संशोधनाला लागल्या, आणि १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंना विद्यापीठातून बाहेर काढणारे कायदे केले. रीटाबाईंनी घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून त्यांची हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या चेतापेशींचा अभ्यास महायुद्धाच्या काळातही चालू ठेवला. युद्धानंतर त्या अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे गेल्या. उंदराच्या एका गाठीतून काहीतरी पाझरते आणि त्याने चेतातंतू सूर्यकिरणांसारखे चहूकडे वाढतात, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी ते प्रथिन वेगळे काढायला घेतले. त्याचा साठा आधी सापाच्या विषात आणि मग नर उंदराच्या लाळग्रंथीत सापडला.

गंमत पुढे आहे. लाळग्रंथीचा अर्क नवजात उंदरांना टोचल्यावर कोहेन यांना दिसले की पिल्लांचे डोळे वेळेच्या कितीतरी आधी उघडतात आणि दातही लवकर येतात. चेतातंतू वाढवणाऱ्या प्रथिनाचे हे काम नव्हते. त्या अर्कात आणखी एक प्रथिन होते, त्याला आज 'ईजीएफ' म्हणतात. रीटाबाई आणि कोहेन यांना १९८६ साली नोबेल मिळाले. रीटाबाई १०३ वर्षांचे आयुष्य जगून २०१२ साली वारल्या.

आणि उंदराच्या लाळेतल्या याच ईजीएफने मेंदूच्या मूलपेशींचा दरवाजा उघडला. मोठ्या वयात मेंदूत नव्या चेतापेशी होत नाहीत, असे आम्ही शाळेत शिकलो होतो. कॅनडातल्या कॅल्गरी इथे ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युअल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या पेशी बशीत ठेवल्या आणि त्यांना ईजीएफ दिले. काही पेशी जाग्या झाल्या, विभागू लागल्या, त्यांचे पाण्यात तरंगणारे छोटे गोळे झाले, आणि पुढे त्यांच्यापासून चेतापेशी आणि आधारपेशी तयार झाल्या. साल १९९२. पेशी आधीपासूनच मेंदूत होत्या. त्यांना 'वाढा' हा निरोप कोणी देत नव्हते.

मग मेंदू स्वतःच हा निरोप का देत नाही? कारण मूलपेशींना झोपवून ठेवणे हेही त्याचे महत्त्वाचे काम आहे. उंदरांत असे दिसले आहे की आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात बीएमपी प्रथिने मूलपेशींना शांत ठेवतात. ती रोखली तर पेशी जोरात विभागतात, पण नंतर हा साठा दमतो आणि नव्या पेशी कमी होतात. दाणे सगळे एकदम पेरले तर पुढच्या हंगामाला बियाणे उरत नाही. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या भिंतीपाशी मूलपेशींचे दुसरे ठिकाण आहे. तिथे पोकळीला अस्तरासारख्या असणाऱ्या पेशी नॉगिन पाझरवतात आणि बीएमपीचा आवाज तेवढ्या जागेपुरता कमी करतात, म्हणून नव्या चेतापेशींना वाव मिळतो. न्यूटच्या गर्भातला तोच नॉगिन प्रौढ उंदराच्या मेंदूतही कामाला आहे. या पोकळ्यांतून जो मेरुद्रव वाहतो, तोही निव्वळ पाणी नव्हे. प्रौढ माणसात तो साधारण १५० मिलिलिटर असतो, दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो, आणि त्यातही मूलपेशींना वाढीचे निरोप देणारी प्रथिने असतात.

माणसाच्या मेंदूत मोठ्या वयात नव्या चेतापेशी किती होतात, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. १९९८ साली त्या होतात असा पुरावा मिळाला. २०१८ साली एका गटाने मोठ्या माणसांत त्या जवळजवळ सापडत नाहीत असे म्हटले, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाने म्हातारपणीही सापडतात असे म्हटले.

निरोप जास्त झाला तरी नुकसानच. लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात, जन्माच्या सुमारास पुरकिंजे नावाच्या पेशी सॉनिक हेजहॉग पाझरवतात आणि त्यामुळे चेतापेशींच्या पूर्वज पेशी भराभर वाढतात. वेळ झाली की त्यांनी थांबायचे असते. ज्या मुलांत जनुकाच्या बिघाडामुळे हा निरोप कायम चालूच राहतो, त्यांच्यापैकी काहींना मेडुलोब्लास्टोमा नावाचा मेंदूचा कर्करोग होतो. ज्या निरोपाअभावी कोकराला एकच डोळा येतो, तोच निरोप थांबेनासा झाला तर गाठ होते.

एवढे सगळे सांगण्याचे कारण आता सांगतो. आमच्या एका विद्यार्थ्याचे अब्बा काही महिन्यांपूर्वी शाळेत भेटले. त्यांचा धाकटा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा. जन्मापासून हातपाय आखडलेले. हातात एक रंगीत पत्रक होते. मुलाच्याच शरीरातून मूलपेशी काढून पाठीच्या मणक्यात सोडायच्या, काही लाखांचा खर्च, आणि फरक पडेलच असे तोंडी आश्वासन. 'सर, मुलाच्या अम्मीचे दागिने आहेत, ते मोडावेत का?' एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. पण असा प्रश्न बऱ्याच घरांत असणार, म्हणून जे ठाऊक आहे ते इथे लिहितो.

रक्ताच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण हा अनेक वर्षांचा सिद्ध उपचार आहे. थॅलेसेमिया आणि रक्ताच्या काही कर्करोगांत त्याने जीव वाचतात. पण रक्ताची मूलपेशी रक्ताच्या शेजारात वाढलेली असते आणि रक्ताचेच निरोप ओळखते. ती मणक्यात सोडली म्हणून चेतापेशी होईल आणि योग्य तारा जोडील, असा भरवशाचा पुरावा नाही.

बरे, खऱ्या चेतामूलपेशी टोचल्या तर? इस्रायलमधल्या एका मुलाची हकीकत २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याला मज्जासंस्थेचा दुर्मिळ आनुवंशिक आजार होता. २००१ पासून पुढे काही वर्षांत त्याला मॉस्कोला नेऊन तीन वेळा गर्भातल्या चेतामूलपेशी टोचण्यात आल्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या. तपासणीत सिद्ध झाले की गाठीतल्या पेशी मुलाच्या नव्हत्याच, टोचलेल्या पेशींतून आल्या होत्या. पेशी जिवंत राहिल्या, वाढल्याही. पण कुठे थांबायचे हे त्यांना परक्या शेजारात कळले नाही.

योग्य वाटेने चाललेले कामही आहे. २०२५ साली कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांवरच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात आले. एक जपानच्या क्योटोतली, दुसरी अमेरिका आणि कॅनडातली. या दोन्हींत मूलपेशी तशाच टोचल्या नव्हत्या. आधी प्रयोगशाळेत, गर्भात जे निरोप ज्या क्रमाने मिळतात त्यांची नक्कल करून, त्यांना डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशींच्या वाटेवर आणले होते. त्यासाठी हेजहॉगचा निरोप चालू करण्याचीही गरज पडते. मगच त्या मेंदूत ठेवल्या. दोन्ही चाचण्या मिळून रुग्ण विसाच्या आतच होते, आणि पहिला प्रश्न होता हे सुरक्षित आहे का. उत्तर आशादायक आले. तरीही शास्त्रज्ञ पुढच्या मोठ्या चाचण्यांची गोष्ट करतात, पत्रके वाटत नाहीत.

आपल्या देशाचा नियम काय आहे, हेही ठाऊक असावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की रक्ताच्या मान्य आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा माणसांवरचा वापर हा अजून संशोधनाचा भाग आहे आणि तो मंजूर चाचणीतच व्हावा. स्वमग्नतेबाबत, म्हणजे ऑटिझमबाबत, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने २०२२ साली स्पष्ट केले की मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, आणि तो करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन मानले जाईल.

तेव्हा असे पत्रक हाती आले तर पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारावेत. हा उपचार मंजूर आहे की चाचणी? चाचणी असेल तर भारताच्या चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, तिचा नोंदणी क्रमांक काय? ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. घरातला दहावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी पाच मिनिटांत शोधून देईल. चाचणी असेल तर आमच्याकडून पैसे का घेता? खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नसतो. आणि चौथा प्रश्न: या पेशी कुठून घेता, त्या आत जाऊन काय होतील, आणि त्यांना तसे व्हायला कोण सांगणार? वरचा सगळा मजकूर वाचलेल्या आई-वडिलांना या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर खरे की पोकळ, याचा अंदाज येईल.

त्या मुलाच्या अब्बांना आम्ही हेच चार प्रश्न कागदावर लिहून दिले. पत्रक देणाऱ्यांकडून नोंदणी क्रमांक मिळाला नाही. दागिने कपाटातच आहेत. मुलगा आता आठवड्यातून तीन दिवस सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीला जातो आणि बाकीचे दिवस दादी घरी तेच व्यायाम करून घेते. चमत्कार झालेला नाही. चमचा मात्र तो आता स्वतः धरतो.